फरशीवरचे एकोणीस

(ऑपरेशन थिएटरबाहेर, दुपारी. दोन खुर्च्यांच्या मध्ये एक स्टूल. जावई, सासूबाई आणि ज्याला सगळे मास्तर म्हणतात तो मित्र.)

मास्तर : हा फासा धरायचा नाही. स्टुलावरून खाली गेला.

जावई : एकोणीस पडलेत, मास्तर.

मास्तर : फरशीवर पडलेत. परत टाक.

सासूबाई : पोरगी आत, आणि तुम्ही फाशांवरून भांडताय?

जावई : आई, तिनंच सांगितलंय. स्ट्रेचरवरून म्हणाली, माझी पाळी तू खेळ, डाव थांबवू नका.

सासूबाई : कसला मेला डाव?

मास्तर : गोष्टीचा खेळ आहे, काकू. मी गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. तुमची लेक तिरंदाज. सहा वर्षं तीच. आत्ता ती दरीवरच्या दोरांच्या पुलावर आहे आणि पूल तुटतोय. फाशाला वीस बाजू. बाराच्या वर पडलं तर पलीकडे पोचली.

सासूबाई : आणि नाही पडलं तर?

जावई : गेली. एकदा गेलेलं माणूस परत येत नाही. हाही याचाच नियम.

सासूबाई : मग एकोणीस आलेत ते घ्या की पदरात.

मास्तर : खाली पडलेला फासा आमच्यात धरत नाहीत.

जावई : नियम तूच केलास ना? तुझा शब्द शेवटचा. मग बदल.

मास्तर : बदलेन. डाव मांडायच्या आधी, सगळ्यांसमोर. कुणी पुलावर लटकत असताना नाही.

जावई : परत टाकू? तीन पडले तर?

मास्तर : तर तीन.

जावई : दगड आहेस तू.

सासूबाई : चार तास म्हणाले होते. सहावा चाललाय. कुणी बाहेर येऊन चकार शब्द सांगत नाही. मास्तर, मी मोठी आहे म्हणून सांगते, धरा ते एकोणीस. माझ्यावर ढकला.

मास्तर : मागच्या वर्षी असाच एक धरला होता, तिच्यासाठीच. नंतर तिला कळलं. तीन महिने माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. म्हणाली, कीव करून दिलेला जीव नको मला.

सासूबाई : लहानपणापासून तशीच. मी पत्त्यांत मुद्दाम हरले की पानं भिरकावायची.

जावई : आज ती बघत नाहीये.

मास्तर : बाहेर आली की विचारेल. फासा कुठे पडला, किती वेळा टाकला. काय सांगू तिला?

जावई : विचारेल?

मास्तर : शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच.

जावई : खात्री आहे तुला?

मास्तर : नाही. मीही तुझ्याइतकाच घाबरलोय.

सासूबाई : सरा जरा, खुर्चीखाली गेलाय. हा घ्या, जावईबापू. मधोमध टाका, कडेला नको.