सावंतभाऊंचं निरोपाचं भाषण

रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसातले शिपाई सावंतभाऊ रिटायर झाले, तेव्हाचं सांगतो. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की भाऊंना घाम फुटायचा, म्हणून त्यांचं भाषण मी लिहून द्यायचं ठरलं. दोन संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर बसून टाइप केलं, ऑफिसला मेल केलं. कार्यक्रमाच्या तोंडावर प्रिंट काढली, तर मराठीच्या जागी कागदभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. माझा फॉन्ट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्हताच. तो उतरवून घ्यायला गेलो, तर नेट बंद. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात साहेबांनी भाऊंचं नाव पुकारलं.

"भाऊ, हे वाचता येणार नाही."

"असू दे. कागद हातात तरी दे, आधार वाटतो."

त्या कागदाकडे बघत भाऊ दहा मिनिटं बोलले. पहिल्याच दिवशी साहेबांच्या फाइलवर चहा सांडला तिथपासून, बायको आजारी असताना कोणी कोणी डबे पोचवले तिथपर्यंत. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझं एकही वाक्य त्यात नव्हतं.

नंतर साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "काय सुंदर लिहिलंयस रे. मला मेल कर."