तोंडाची गरज

दाताच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारच्या बाकावर दोन जावा. थोरलीचाही गाल सुजलेला, पण तोंड चालूच होतं.

"ताई, घराला गिऱ्हाईक मिळालं का?"

"एजंट म्हणतो, 'मंदी आहे, कोणी फिरकत नाही. भाव उतरवा.'"

"मग उतरवा की थोडा."

"आधी मीच गिऱ्हाईक झाले. काल शेजारणीच्या फोनवरून त्यालाच विचारलं, आपल्या त्या घराच्या गल्लीत एखादं घर आहे का."

"आवाज ओळखला नाही त्याने?"

"या गालाची कृपा. काल सूज जास्त होती, शब्दच धड फुटत नव्हते. म्हणाला, 'आहे ना. बघायला रांग लागलीय, लवकर ठरवा.' आणि भाव मी सांगितलेल्यापेक्षा चढा."

"काय मेला पोचलेला आहे."

"आज संध्याकाळी तो मला माझंच घर दाखवणार आहे. मी आधीच जाऊन आतून कडी लावून बसते, म्हणजे त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडणार नाही. त्याने बेल वाजवली की दार उघडायचं, आणि आपली किल्ली मागून घ्यायची."

"भावजींना सोबत न्या."

"नको. ते भिडस्त. त्याला चहा पाजतील आणि किल्ली त्याच्याचकडे ठेवतील."

शिंपीकाकांचा हात गालावरून कधीच खाली आला होता.

आतून नर्स आली. "ताई, चला. दात काढल्यावर तोंड दोन-तीन तास बधिर राहील, बोलता येणार नाही."

थोरलीने पिशवी उचलली.

"मग उद्या काढू."

"अहो, रात्रभर ठणकेल."

"ठणकू दे. आज तोंडाचं काम आहे."