पार्श्वनाथनं वाजवलेली टाळी

हंबीरराव: ...आन् कुणाला सांगू नगंस, तुला शपथ हाय. ओ पावणं, आणखी एक लिंबू सोडा द्या, मीठ दाबून! आरं, हंबीरराव खानावळवाला पिच्चर बघून ओकला म्हटल्यावर उद्या गिऱ्हाईक रस्सा मागायच्या आधी हसंल.

पार्श्वनाथ: मी कुणाला सांगतोय? तुझ्यामागनं बाहेर आलो न्हाई, ह्याचीच लाज वाटाय लागलीय मला.

हंबीरराव: ते जाऊ दे. पहिलं बोट तुटलं तवा मी डोळं मिटलं. दुसरं तुटलं आन् मी खुर्चीवरनं उठलोच! थेट मोरी गाठली. पुढचा अर्धा पिच्चर मी मोरीच्या फरशीवरच काढला.

पार्श्वनाथ: रोज पहाटे वीस किलो मटण तोडतोस की तू.

हंबीरराव: चाळीस. ऐतवारी साठ. पर ते तोडणं येगळं, पारस. हात कामात असतोय, डोकं कांदा-खोबऱ्यात असतंय. त्यात मज्जा न्हाई. हितं त्यो इन्स्पेक्टर थांबून थांबून कापत हुता. एकेक बोट. वर इचारत हुता, दुखतंय का म्हणून. आन् पब्लिकच्या शिट्ट्या! मला अजून कळंना झालंय, मला पडद्यावरचं सोसलं न्हाई का खुर्च्यांवरचं.

पार्श्वनाथ: यशराजचं काम बघायचं चुकलं मग तुझं.

हंबीरराव: चुकलं की! भाच्यानं हौसेनं पास दिलं, मामा बघायलाच पायजे म्हणाला, आन् मामा मोरीत. कसं केलंय त्यानं?

पार्श्वनाथ: बरं केलंय. शवागारात झोपलाय. चादर काढत्यात, तोंड दिसतं, परत झाकत्यात. पापणी हलू दिली न्हाई पोरानं.

हंबीरराव: मेल्याचं काम ते, त्यात बरं काय आन् वाईट काय. पर तू सगळा बघितलास? मला वाटलं, पाणी गाळून पिणारा माणूस, मुंगी दिसली तर वाट वाकडी करणारा, तू माझ्या आधी पळशील.

पार्श्वनाथ: मलाबी तसंच वाटलं हुतं.

हंबीरराव: मग डोळं मिटून बसलास व्हय?

पार्श्वनाथ: न्हाई.

हंबीरराव: मग काय केलंस?

पार्श्वनाथ: टाळी वाजवली.

हंबीरराव: कशाला?

पार्श्वनाथ: त्या पोराला चिरडून पळालेल्या डंपरवाल्याला कापला, तवा. उठून उभा राहिलो आणि वाजवली. मागनं कोणतरी ओरडलं, काका, खाली बसा की, दिसंना झालंय.

हंबीरराव: तू? आयला. आरं, पब्लिक वाजवतंय म्हणून वाजली असंल. जत्रंत ढोल वाजला की पाय हलतोच माणसाचा.

पार्श्वनाथ: पब्लिकचं थांबलं हुतं, हंबीर. माझी एकट्याची चालू हुती.

हंबीरराव: हे सोड्याचं पी जरा. घे, उष्टा न्हाई, ह्या बाजूनं पी.

पार्श्वनाथ: त्या डंपरवाल्याचं तोंड बघितलंस? ती मिशी, गालावरचा वण, मान खाली घालून बघायची ती तऱ्हा. केरबासारखा हुता.

हंबीरराव: कोण केरबा? ...त्यो? शाहूवाडीचा, उसाच्या ट्रॅक्टरवाला? तुझ्या ऋषभच्या गाडीला—

पार्श्वनाथ: त्योच. मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवाला.

हंबीरराव: आरं पर त्याला तू माफ केलंस की! चार वर्सं झाली. तुमची ती क्षमावाणी, सगळ्यांची माफी मागायची आन् सगळ्यांना माफी द्यायचा दिवस, त्या दिवशी तू सोता त्याच्या दारात गेलतास. मीच न्हेलतं गाडीवरनं! तू हात जोडलंस, त्यो तुझ्या पायावर पडला. मी म्हणत हुतो, कानाखाली एक तरी जाळ काढू दे मला. तूच माझा हात धरलास.

पार्श्वनाथ: धरला. कोर्टातबी सांगितलं, माझा कुणावर राग न्हाई. बस्तीत, देवासमोर, लोकांनी सत्कार केला, शाल घातली. आणि मला खरंच वाटत हुतं रं, की माझ्या मनात काय राहिलं न्हाई. पोराच्या फोटोला हार घालताना केरबाची आठवणबी येत नव्हती मला. आज काय झालं ते मला सांग. मी तवा खोटं बोललो, का आज मला भुतानं धरलं?

हंबीरराव: मला इचारतोस? मी तर मोरीत हुतो. पर एक सांगतो, यशराज म्हणालाय, ते रक्त साखरेच्या पाकाचं असतंय. लाल रंग घालत्यात. कुणी मेलं न्हाई, कुणाचं बोट गेलं न्हाई. कशाला जिवाला लावून घेतोस?

पार्श्वनाथ: रक्त खोटं हुतं, टाळी खरी हुती. आमच्यात केलेलं, दुसऱ्याकडनं करवलेलं आणि दुसऱ्यानं केल्यावर 'बरं झालं' म्हटलेलं, तिन्ही पापं सारखीच. लहानपणापासनं पाठ हाय मला. पोरांना शिकवलंय मी ते.

हंबीरराव: मग आता?

पार्श्वनाथ: आता उद्या. उद्या घरात महाराजांचा आहार हाय.

हंबीरराव: ते ठाऊक हाय, वैनी महिनाभर त्याच गडबडीत हायेत. मुनी महाराज जेवाय येणार, आनंदाची गोष्ट हाय की.

पार्श्वनाथ: तसं जेवायला येत न्हाईत ते. आम्ही दोघांनी दारात कलश घेऊन उभं राहायचं. महाराज समोर आले की मोठ्यानं सांगायचं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-पाणी शुद्ध हाय. हे ऐकलं तरच ते आत येतात. न्हाई तर माघारी. दिवसातनं एकदा ओंजळीत जेवण आणि पाणीबी तेवढंच एकदा. उद्या गल्लीत आहाराचा चौका आमच्याच घरी मांडलाय, दुसरीकडं कुठं न्हाई. माघारी गेले तर परवापर्यंत पाण्याचा थेंब न्हाई त्यांना.

हंबीरराव: मग म्हण की ते. चारच शब्द हायेत.

पार्श्वनाथ: पहिलाच अडतोय.

हंबीरराव: मग डोक्यावरनं न्हा. चांगलं दोन बादल्या.

पार्श्वनाथ: ती कायशुद्धी झाली.

हंबीरराव: लई अवघड धर्म हाय बाबा तुमचा! आमच्यात नारळ फोडला की मिटलं. चल, ऊठ. घरला सोडतो. आन् वैनीला ह्यातलं काय बोलू नगंस. बायकांना असलं सांगितलं की वाढतंय.

(पार्श्वनाथच्या घरचा सोपा. घासून लख्ख केलेली पितळी भांडी उतरत्या उन्हात पालथी घातली आहेत. पार्श्वनाथला आत जावं की नाही तेच ठरवता येईना, तो पायरीवरच बसला आहे.)

पद्मावती: थांबा, वर येऊ नका! उद्याची भांडी हायेत ती. आधी पाय धुवा दोघंबी. भावजी, कसं झालं यशराजचं काम?

हंबीरराव: झ्याक झालं, वैनी. मेला.

पद्मावती: आणि तुमची तोंडं का अशी उतरलीत? तो खराच मेल्यासारखी?

हंबीरराव: काय न्हाई, ऊन लागलं. पिच्चर जरा तसला हुता. मारामारीचा. म्हंजे मी ओकलो आन् ह्यानं टाळ्या वाजवल्या.

पद्मावती: उलटं सांगताय तुम्ही.

हंबीरराव: तसंच वाटतंय न्हवं? आमालाबी मघापासनं तसंच वाटाय लागलंय!

पार्श्वनाथ: वाढतंय म्हणालास आणि तूच सांगून मोकळा झालास. पद्मा, बस जरा इथं. पिच्चरमधे एक डंपरवाला हुता. एका पोराला चिरडून पळतो. तोंड केरबासारखं. त्याला कोयत्यानं कापला, आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

पद्मावती: किती वेळ?

पार्श्वनाथ: काय?

पद्मावती: किती वेळ वाजवल्या?

पार्श्वनाथ: मागनं लोक ओरडेपर्यंत. मला भान नव्हतं. हाताचे तळवे अजून चुरचुरतायत बघ. उद्या माझ्या तोंडनं मनशुद्धी निघणार न्हाई. तू म्हण. तू शेजारी असतेसच, यंदा तू मोठ्यानं म्हण, मी गप राहतो.

पद्मावती: माझ्यावर टाकू नका ते.

पार्श्वनाथ: अगं, दर वेळी म्हणतेसच की.

पद्मावती: म्हणत न्हाई.

पार्श्वनाथ: मी ऐकलंय.

पद्मावती: तुम्ही वचनशुद्धीपासनं पुढचं ऐकलंय. पहिल्याला मी नुसते ओठ हलवते. ऋषभ गेल्यापासनं एकदाबी म्हटलं न्हाई. तुमचा आवाज एवढा ठणठणीत, माझा लागला का न्हाई ते कुणाला कळतंय?

हंबीरराव: वैनी! म्हंजे तुमीबी त्याला माफ—

पद्मावती: माफ ह्यांनी केलं, भावजी. मला कुणी विचारलं हुतं? तुम्ही दोघं गाडी काढून शाहूवाडीला गेलात, दिवेलागणीला आलात आणि हे मला म्हणाले, 'क्षमा केली.' बाजारातनं भाजी आणल्यासारखं. माझ्या पोटचा गेला हुता.

पार्श्वनाथ: मला वाटलं, तुझंबी मन—

पद्मावती: व्हय. तुम्हाला वाटलं.

हंबीरराव: मी निघू का? न्हाई, म्हंजे ह्यात माझं काय काम?

पद्मावती: थांबा. गाडी आणलीय न्हवं, मग कोठीतलं पोतं घेऊन जावा.

हंबीरराव: आला व्हय यंदाचा तांदूळ? पारस, तुझ्या रानातल्या तांदळाला तोड न्हाई बघ. आमच्या पांढऱ्या रश्श्यावर दुसरा भात गिऱ्हाईक खाईना झालंय!

पार्श्वनाथ: माझ्या रानात ऊस हाय. तांदूळ कुठला?

हंबीरराव: आँ? वैनी दर साली देत्यात की. घरचा हाय म्हणून.

पद्मावती: घरचा न्हाई तो. केरबाच्या शेतातला हाय. भात झोडून झाला की त्याची बायको बाळाबाई घेऊन येते, दुपारची, हे दुकानात असतात तवा. बोलत न्हाई, वर बघत न्हाई. पोतं ठेवते, पायरीला हात लावते आणि परतीची एसटी गाठते.

हंबीरराव: म्हंजे ज्याच्या कानाखाली जाळ काढणार हुतो, त्याचाच भात मी तीन वर्सं लोकांना वाढतोय? आन् वर सांगतोय, आमच्या पारसच्या रानातला म्हणून! काय चाललंय काय ह्या घरात?

पार्श्वनाथ: मला का सांगितलं न्हाईस, पद्मा?

पद्मावती: तुम्ही म्हणाला असता, शिजव. मी शिजवला असता. तुम्ही पोटभर जेवला असता, आणि मी तुमच्या ताटाकडं बघत बसले असते. केरबाचा राग आला असता मला. आणि त्याच्यापेक्षा तुमचाच जास्त आला असता. परत पाठवावा तर ती बाई दोन एसट्या बदलून येते. टाकावा तर अन्न हाय. मग भावजींची खानावळ सुचली.

पार्श्वनाथ: यंदाचं पोतं उघडलंस?

पद्मावती: शिवण तशीच हाय.

हंबीरराव: आता ते मी न्हेऊ का नगं न्हेऊ, एवढं तरी सांगा. माझं तर डोस्कंच चालंना.

पार्श्वनाथ: पद्मा, दिवस किती राहिलाय?

पद्मावती: तासभर असंल मावळायला. का?

पार्श्वनाथ: मावळायच्या आत भात होईल?

पद्मावती: ...त्या तांदळाचा?

पार्श्वनाथ: व्हय.

पद्मावती: नवा तांदूळ हाय, चटकन शिजतो. पण उद्याच्या भांड्यांत न्हाई करायची मी.

पार्श्वनाथ: रोजच्या पातेल्यात कर. मी क्षमा केली म्हणून गावभर मिरवलो, पण त्याच्या घरचा एक घास खाल्ला न्हाई कधी. त्या दिवशी त्याच्या दारात पाण्याचा तांब्या पुढं केला हुता त्यांनी, तो पण मी तसाच ठेवला. बघू तरी आज, घशाखाली उतरतोय का.

हंबीरराव: आन् माझ्यासारखा ओकलास तर?

पार्श्वनाथ: तर उद्या दारात तेच सांगीन. महाराज, बाकी सगळं शुद्ध हाय, मन न्हाई.

पद्मावती: माघारी जातील ते. उपाशी.

पार्श्वनाथ: ठाऊक हाय मला. म्हणून तर आज भात मागतोय. उतरला तर काय म्हणायचं, तेही मला आत्ता कळत न्हाई. पण खोटं म्हणून त्यांच्या ओंजळीत घास घालायचा न्हाई, एवढं कळतंय.

हंबीरराव: पोतं मी आणतो बाहेर. वैनी, सुरी कुठं हाय? शिवण कापायला.

पद्मावती: सुरी नको, दोरा ओढला की सुटतो. बाळाबाई तसाच शिवते. ...अवो, किती टाकू?

पार्श्वनाथ: मूठभर बास. माझ्यापुरता.

पद्मावती: दोन मुठी टाकते.