हैदराबाद ते दिल्ली, दशम्यांच्या हिशेबानं

गड्यांनो, निजामाच्या राज्यात हैदराबादेहून दिल्लीला विमान किती वेळात जातं, हे आख्ख्या ईट गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. म्हणजे लोक विचारायचे आन् मी ठोकून द्यायचो, इतकंच. विमान म्या एकदाच बघितलं होतं, रानात ढेकळावर उभा राहून, तेही पाठमोरं.

शेजारच्या शेवंताकाकूंचा शंकर हैदराबादेत एका साहेबाचा खानसामा होता. साहेब त्याला येत्या सोमवारी विमानानं दिल्लीला नेणार होता. काकू आल्या. "गणपा, वाटेत किती दिवस जातील रं? तेवढ्या दशम्या धाडते."

म्या शाळेच्या नकाशावर दोरा ताणला, उगाच बोटं मोजली. "चारशे कोस. बैलगाडीला चाळीस दिवस. विमान दुप्पट पळतं, म्हणजे वीस."

काकूंनी खरंच वीस दिवसांच्या दशम्यांचं गाठोडं धाडलं.

पुढं शंकरचं पत्र आलं, तेही वाचायला माझ्याकडंच. "आई, सकाळी बसलो, दुपारी दिल्लीत उतरलो. एकच दशमी खाल्ली. गाठोडं बघून साहेब अजून हसतो."

मला हसू आवरंना. म्हटलं, "काकू, माझा हिशेब जरा चुकला."

काकूंनी पत्राची घडी पदराला बांधली. "न्हाय चुकला. पोरगं धड पोचलं, हे मला कळायला त्या सोमवारपासून बरोबर वीस दिवस लागले. दशम्या त्याला बांधल्या, आन् तुझे वीस दिवस उपाशी मी काढले."