शेवटचा धडा

(मांडवगण फराट्यातला हौसरावांचा ओटा. शेजारची आसमीन कॉलेजवरून येऊन त्यांना इंग्रजी शिकवते आहे.)

आसमीन : परत चुकलं, आबा. गुड, बेटर, आणि?

हौसराव : गुडेस्ट.

आसमीन : या अल्ला! टॉल, टॉलर, टॉलेस्ट घडाघडा म्हणता. गुडलाच काय होतं?

हौसराव : ऱ्हाऊ दे ते. ब्युटिफुल इचार.

आसमीन : विचारलं.

हौसराव : मोस्ट ब्युटिफुल. लांब शब्दाला मागं शेपूट पेलत न्हाई, म्हणून म्होरं चोपदार चालवायचा.

आसमीन : आमच्या सरांना सांगते हे! आता मी बुवा, तुम्ही टाळकरी. मागून उचला. गुड, बेटर, बेस्ट.

हौसराव : गुड, बेटर... गुडेस्ट.

आसमीन : पृथ्वीराज हसेल तुम्हाला. दिवाळीला बंगळुरूहून आला की त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचंय ना?

हौसराव : हसंल की. नातूच हाय.

आसमीन : आबा, सकाळी म्हशीला पाणी पाजताना काय म्हणत होता?

हौसराव : कुठं काय?

आसमीन : "यू आर द बेस्ट." परसातून ऐकलं मी. अम्मीपण हसली.

हौसराव : म्हस हाय ती. तिला खरं सांगावं लागतं.

आसमीन : आणि मला?

हौसराव : (वही मिटत) तुला व्हय...

आसमीन : बोला की.

हौसराव : तूच म्हणालीस, गुडचं आलं की शिकवणी संपली. आगं, कीर्तनात आरती झाली की माणूस उठतं. बुवाच्या पाया पडतं, वाटंला लागतं. मागं सतरंज्या घडी करायला मी. माझी सारजा होती तवर दुसरं टोक ती धरायची.

आसमीन : पण दिवाळीला घर भरेल की तुमचं.

हौसराव : न्हाई येत ते. परवा फोन आलता. पोराचे क्लास हायेत म्हणं.

आसमीन : मला का नाही सांगितलं?

हौसराव : सांगितलं आसतं, तर तू म्हणाली आसतीस, आबा, मग इंग्रजी कशाला?

आसमीन : ...अम्मी हाक मारतेय.

हौसराव : जा, बाई. दिवेलागण झाली. हे घे, गुड, बेटर, बेस्ट. झाली आरती.

आसमीन : काय म्हणालात?

हौसराव : बेस्ट म्हणलो.

आसमीन : नाही. गुडेस्ट म्हणालात. उद्या परत यावं लागणार मला.