बाबांच्या वाट्याचं पाणी

मुलगी: आणि हे तीन किलो काय हवेतनं आले, बाबा? परवा डायलिसिसहून आलात तेव्हा काटा बावन्नवर होता.

बाबा: शरीर स्वतः पाणी बनवतं, ठमे. खाल्लेलं अन्न आत जळतं ना, त्यातून. दिवसाला पाव लिटर तरी.

मुलगी: दोन दिवसांचं झालं अर्धा लिटर. बाकीचं?

बाबा: शाळेत असताना गणितात एवढी हुशार नव्हतीस.

मुलगी: टोलवाटोलवी नको. सगळं मिळून दिवसाला सातशे मिलीच प्यायचं. बाटलीवर खुणा करून ठेवते मी. मागच्या महिन्यात छातीत पाणी साचलं, श्वासासाठी तडफडत होतात. विसरलात?

बाबा: विसरेन कसा. गंमत बघ, तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी पाणी करून दाखवलं. हायड्रोजन पेटवायचा, ज्योतीवर थंड काच धरायची. काचेवर दव जमायचं. पोरं दरवर्षी एकच विचारायची, काका, मग टाक्या भरून का नाही करत?

मुलगी: काय सांगायचात?

बाबा: की पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, चुलीतल्या राखेसारखा. निसर्गानं ते कधीच करून ठेवलंय. आता नुसतं फिरतं, समुद्रातून ढगात, ढगातून नळात. आपण करू शकतो, पण तासभर खपून चमचाभरसुद्धा होत नाही.

मुलगी: नळावरनं आठवलं. कुठे पिता?

बाबा: बाथरूममध्ये. नळ मोठा सोडतो, म्हणजे तुला ऐकू जात नाही.

मुलगी: माझ्याकडे मागायचं होतं.

बाबा: दिलं असतंस?

मुलगी: नाही.

बाबा: म्हणूनच. तुझी आई ऑपरेशननंतर पाणी मागत होती. डॉक्टर म्हणाले, थेंबसुद्धा द्यायचा नाही. मी आपला ओला कापूस ओठांवर फिरवत बसलो. "अहो, एक घोट द्या," एवढंच म्हणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. अकरा वर्षं झाली, अजून पेला उचलला की ते 'अहो' ऐकू येतं.

मुलगी: त्यात तुमची काय चूक?

बाबा: नसेल. पण 'नाही' मीच म्हणालो होतो ना. तुझ्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून तुझ्याकडे मागत नाही.



मुलगी: आणि उद्या बाथरूममध्ये एकटे कोसळलात, नळ तसाच चालू, मी बाहेर भाजी चिरतेय. मग मी काय घेऊन जगायचं?

बाबा: एवढा विचार नव्हता केला.

मुलगी: मग करा. माझ्याकडे मागत जा, बाबा. मी नाही म्हणेन, भांडेन, मागाहून रडेनही. ते माझं मी बघेन. पण चोरून पिऊ नका.

बाबा: बरं.

मुलगी: आजचं साठ मिली उरलंय. पेल्यात आणू?

बाबा: पेल्यात अगदी तळाशी दिसतं गं. तुझ्या लहानपणीची ती इवलीशी वाटी आहे ना, तिच्यात आण. काठोकाठ भरलेलं दिसू दे.

मुलगी: आणली. आता मागा.

बाबा: समोर तर धरली आहेस.

मुलगी: तरी मागा.

बाबा: ठमे, पाणी दे.