डावा हात खिशात

...नाही, मला सांगा, बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्यानं जन्मभर गुलाब, शेवंती अन् झेंडू सोडून कशाला हात लावला नाही, त्याला कुणी म्हणतं का, की काका, डावा हात खिशात घाला? अहो, खिशात? आम्ही माळी माणसं! दोन्ही हातांनी खुडतो तेव्हा कुठं उजाडायला टोपली पंचवटीच्या फूलबाजारात पोचते, अन् एक हात खिशात घालून फुलं तोडणारा आमच्या बापाला दिसला असता, तर बापानं त्याला बांधावरनं खाली ढकलला असता! पण पिस्तुलाच्या क्लासात नियमच तो. उजव्या हातात पिस्तूल, डावा हात खिशात.

मी काय हौसेनं गेलो का तिथं? ही सगळी शेखरची कृपा. शेखर म्हणजे आमचा पोरगा, पुण्याला असतो. शेजारच्या पुंजारामच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, झालं, ह्याचा फोन, 'बाबा, मळ्यात एकटे राहता, एक तर बंदुकीचं लायसन काढा, नाहीतर मुकाट्यानं पुण्याला या.' पुण्याला म्हणजे अकराव्या मजल्यावर, जिथं माती कुंडीत असते! मी म्हटलं, अरे बाबा, मोटर नेली म्हणून माणसाला गोळी घालू? अन् मळ्यात बिबट्या आला, त्याला नुसता धक्का लागला, तर तुरुंगात कोण जाणार, बिबट्या का मी? पण ऐकतोय कोण... लायसनला शिकल्याचं सर्टिफिकेट लागतं म्हणे, तर त्यानं तिकडनं बसल्या बसल्या मोबाइलवर माझं नाव घातलंसुद्धा! रोज सकाळी दहा वाजता, महिनाभर, शेवटी परीक्षा.

पहिल्याच दिवशी काय झालं, तुम्हाला सांगतो. नवं अवजार हातात घ्यायचं, तर माणूस काय करील? मी आपली हळदीकुंकवाची पुडी घेऊन गेलो. फवारणीच्या पंपाला लावतो, ट्रॅक्टरला लावतो, मग पिस्तुलानं काय घोडं मारलंय? तर शिकवणारी वेदिका मॅडम, चोवीस वर्षांची पोर, सटाण्याची, एरवी अगदी शुद्ध बोलते, ती धावतच आली, घाबरून थेट अहिराणीत, 'काका, हाई काय शे?' मी म्हटलं, कुंकू. ती म्हणाली, 'अहो, नळीत जाईल ना ते!' मग नळीचं तोंड सोडून पिस्तुलाच्या मुठीला लावलं, अन् तिनं लावू दिलं. चांगली आहे पोर.

अन् छर्रा? शिकायचं पिस्तूल हवेचं, त्यात गोळी नाही, छर्रा असतो, तो जाई जमिनीत! ती सांगायची, घोडा हळूच दाबा, श्वास धरून, आपल्याला कळू न देता. अन् माझं बोट काय करायचं? खुडायचं! चाळीस वर्षं कळी दिसली की नखानं टच्च, ते बोट आता हळू कसं होणार? 'काका, तोडू नका, दाबा.' रोज तेच. तोडू नका, दाबा, अन् डावा हात खिशात.

आता त्या डाव्या हाताचं खरं सांगू? खिशात गेला की त्याला काम नसतं, अन् बिनकामाचा हात लय विचार करतो हो. आमची मंडळी, सगुणा, असताना त्याला रिकामपण ठाऊक नव्हतं. ती त्या सरीत, मी ह्या सरीत, हात चालू, तोंड चालू. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून मळ्यात दिवसभरात माझ्या तोंडून तीन शब्द निघतात... गाईला 'सरक', कुत्र्याला 'हाड', अन् फोनवर शेखरला 'बरंय'. एवढं मोठं घर, अन् तीन शब्द! एकटं वाटतं मला. हे शेखरला सांगितलं नाही, सांगितलं की अकरावा मजला.

अन् क्लासात? क्लास सुटला की टपरीवर चहा. नेम धरायला माझ्या शेजारच्या पट्ट्यात मनोज असायचा, सिक्युरिटीच्या नोकरीसाठी आलेला, तो मुली बघायच्या कार्यक्रमांच्या गमती सांगायचा, मी त्याला सल्ले द्यायचो. वेदिका रोज विचारायची, काका, काल रात्री काय जेवलात? अहो, कुणीतरी विचारणार म्हणून मी रात्री भाजी करायला लागलो! नाहीतर चटणी-भाकरीवर भागत होतं. अन् कधी तरी बोट खुडायचं विसरलं, छर्रे समोरच्या कागदावरच्या काळ्या गोलात जायला लागले, मलाच कळलं नाही.

काल परीक्षा झाली. पाच छर्रे, पाचही काळ्या गोलात पाहिजेत, अन् शेजाऱ्याच्या कागदावर छर्रा गेला तर सरळ नापास, सगळा महिना पुन्हा. पहिले चार बरोब्बर मधे! वेदिका मागनं हळूच म्हणाली, "काका, एकच राहिला. उद्यापासून सुटलात तुम्ही."

सुटलो! म्हणजे उद्या दहा वाजता मी कुठं जाणार? भाजी कशाला करणार? पिस्तूल उचललं, श्वास धरला, डावा हात खिशात, तो मेला विचार करायला लागला... अन् दाबलं.

मनोजच्या कागदावर पाचाच्या जागी सहा भोकं! वेदिकानं कपाळाला हात लावला. संध्याकाळी शेखरचा फोन, वैतागलेला. "बाबा, शेवटचा नेम कसा काय चुकला?" मी म्हटलं, वय झालं रे, हात हलतो. आता परत महिनाभर जावं लागणार, इलाज नाही. बरंय.

पण तुम्हाला म्हणून सांगतो... मनोजच्या त्या सहा भोकांतलं एकच भोक काळ्या गोलातल्या ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध आहे. ते माझं. आता मला सांगा, असा नेम चुकून लागतो का?